वेबसाइटवर सगळं दिसतं, हवं तेच सापडत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या वाचक एका लहान ग्रंथालयात ग्रंथपाल आहेत आणि खरेदीचं कामही त्यांच्याकडेच येतं. गेल्या वेळी कंपनीच्या वेबसाइटवर ‘महिन्याला ५०,००० पानांपर्यंत’ असं वाचून त्यांनी एक लेझर प्रिंटर निवडला. ग्रंथालयाचं काम महिन्याला साधारण ६,००० पानांचं, त्यामुळे प्रिंटरला ते सहज झेपेल असा त्यांचा हिशोब होता. चौदाव्या महिन्यात प्रिंटर बंद पडला. फ्यूजर (तापून छपाई कागदावर पक्की करणारा भाग) आणि आतले रोलर झिजलेत, असं दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं. वॉरंटी दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. कार्यकारिणीच्या बैठकीत ‘निवड चुकली’ एवढीच नोंद झाली. आता नवा प्रिंटर आणि सोबत यूपीएस घ्यायचा आहे. तीन संध्याकाळी वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेबसाइट चाळूनही मोठमोठे फोटो, ‘अधिक जाणून घ्या’ची बटणं आणि तेच ते कौतुक यापलीकडे काही हाती लागलं नाही. त्या विचारतात, “मी भाषेची विद्यार्थिनी. तांत्रिक डोकं नाही म्हणून मला माहिती सापडत नाही, की कंपन्याच ती लपवतात? सहकारी म्हणतो, विक्रेत्यावर सोपवा आणि मोकळ्या व्हा. तसंच करावं का?”

उत्तर:

तुम्ही पत्रात प्रिंटरचा मॉडेल क्रमांक दिला होता. तो इथे छापत नाही, पण मी त्याची कागदपत्रं शोधली, कारण ‘निवड चुकली’ ही नोंद मला खटकली. कंपनीच्या पानावर ५०,०००चा आकडा मोठ्या अक्षरांत आहे, तुम्ही वाचलात तसाच. त्याच पानाच्या तळाशी ‘सपोर्ट’ असा बारीकसा दुवा आहे. तिथून ‘डाउनलोड्स’मध्ये गेलं की चार पानांची एक पीडीएफ मिळते. तिच्या तिसऱ्या पानावरच्या तक्त्यात दोन ओळी एकाखाली एक आहेत. वरची ओळ तुमच्या ओळखीची: महिन्याची कमाल मर्यादा ५०,००० पानं. खालची ओळ: शिफारस केलेलं मासिक काम २५० ते २,५०० पानं.

तुमचा हिशोब बरोबर होता, फक्त ज्या आकड्यावर तो केला तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हता. एखाद्या महिन्यात हे यंत्र जास्तीत जास्त किती ताण सोसेल, हे वरची ओळ सांगते. महिनोन्महिने किती काम घेतलं तर ते नीट चालेल, हे खालची. तुमचा प्रिंटर शिफारशीच्या जवळजवळ अडीचपट काम चौदा महिने करत राहिला आणि मग थकला.

ही या धंद्यातलीच रीत आहे. एचपीच्या लेझरजेट प्रो एम४०४डीएन या प्रिंटरचं माहितीपत्रक पाहा (हा तुमचा प्रिंटर नव्हे). त्यात महिन्याची कमाल मर्यादा ८०,००० पानं आणि शिफारस ७५० ते ४,००० पानं असे दोन्ही आकडे दिलेले आहेत. दोहोंमध्ये वीसपट अंतर! दोन वेगळे आकडे असतात, हे एकदा कळलं की माणूस दुसरा आपणहून शोधायला लागतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. तांत्रिक डोकं नाही म्हणून माहिती सापडत नाही, हे मला अजिबात पटत नाही. नवं पुस्तक हातात आलं की मलपृष्ठावरचा मजकूर वाचून तुम्ही त्याची नोंद करता का? आतलं पान उघडता. आवृत्ती कितवी, साल कोणतं, अनुवाद असेल तर मूळ पुस्तक कोणतं, शेवटी सूची आहे का, कुठे शुद्धिपत्र चिकटवलंय का, हे पाहता. मलपृष्ठ खोटं असतं असं नाही, पण ते वेगळ्या कामासाठी लिहिलेलं असतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. कंपनीच्या वेबसाइटवरचं उत्पादनाचं पान म्हणजे मलपृष्ठ. तीन संध्याकाळी तुम्ही एकामागून एक मलपृष्ठंच वाचलीत आणि आतला मजकूर सापडला नाही म्हणून स्वतःला बोल लावलात.

कंपन्या लपवतात का? मी काही वर्षं यंत्रांच्या पुस्तिका लिहिण्याचं काम केलंय, त्यामुळे ही बाजू आतून पाहिली आहे. विक्रीचं पान लिहिणारी मंडळी वेगळ्या विभागात, पुस्तिका लिहिणारे आम्ही वेगळ्या. ‘आतल्या तापणाऱ्या भागाला हात लावण्यापूर्वी यंत्र बंद करून ३० मिनिटं थांबा’ या एका वाक्यासाठी मी एका अभियंत्याशेजारी दुपारभर बसले होते. मी २० मिनिटं लिहिलं होतं. त्याने चाचणीतल्या तापमानाच्या नोंदी काढून दाखवल्या आणि आकडा बदलायला लावला. विसाव्या मिनिटाला तो भाग चटका देण्याइतका गरम होता. एवढं काटेकोर काम पुस्तिकेच्या एका वाक्यामागे असतं. विक्रीच्या पानाबद्दल मात्र त्या अभियंत्याला किंवा मला कुणी काही विचारल्याचं आठवत नाही.

त्यामुळे माझा अनुभव असा, की माहिती बहुतेक वेळा लपवलेली नसते, ती दुसऱ्या खोलीत ठेवलेली असते. पण म्हणून कंपन्यांना मी पूर्ण निर्दोष म्हणणार नाही. शिफारशीचा आकडा पहिल्या पानावर न देणं हा कुणीतरी घेतलेला निर्णयच असतो. ५०,००० लिहायला जिथे जागा आहे तिथे २,५०० लिहायलाही जागा होती.

मग दुसरी खोली शोधायची कशी? मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: विकत घेणाऱ्याखेरीज आणखी कुणाकुणाला या कंपनीला नेमकं सांगावंच लागतं? यंत्र बसवणाऱ्याला, दुरुस्त करणाऱ्याला, सुटे भाग मागवणाऱ्याला, परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याला. या लोकांना कौतुक चालत नाही. बसवणाऱ्याला चुकीचं माप दिलं तर यंत्र जागेवर बसत नाही. सुट्या भागाचा क्रमांक चुकला तर पार्सल परत येतं. म्हणून त्यांच्यासाठी जे लिहिलंय ते गाठायचं.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण तुमच्या यादीतच आहे. तुम्हाला लेझर प्रिंटर आणि यूपीएस घ्यायचाय, आणि पत्राच्या ओघावरून वाटतं, की वीज गेली तरी छपाई थांबू नये म्हणून प्रिंटरही यूपीएसवरच जोडायचा विचार आहे. यूपीएसच्या विक्रीच्या पानावर तुम्हाला यावर बहुधा एक अक्षर सापडणार नाही. पुस्तिका उघडा. घर आणि ऑफिससाठीच्या अनेक यूपीएसच्या पुस्तिकांमध्ये पहिल्या काही पानांतच स्पष्ट सूचना असते, की बॅटरीवर चालणाऱ्या सॉकेटमध्ये लेझर प्रिंटर लावू नका. कारण साधं आहे. टोनरची पूड कागदावर पक्की बसवायला फ्यूजर तापवावा लागतो, आणि तो तापताना काही क्षण एक किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो. पुन्हा थंड होतो, पुन्हा ओढतो. लहान यूपीएसला हे धक्के झेपत नाहीत. म्हणूनच पुष्कळ यूपीएसवर दोन प्रकारचे सॉकेट असतात: काही बॅटरीचा आधार असलेले, काही फक्त विजेच्या उसळीपासून वाचवणारे. कोणता कुठे आहे याचं चित्रही पुस्तिकेतच असतं.

या एका वाक्याने तुमची खरेदीच बदलते. प्रिंटर बॅटरीवर नको म्हटल्यावर यूपीएस फक्त संगणक, मॉनिटर आणि राउटरपुरता हवा, म्हणजे बराच लहान चालेल. मग त्यातही दोन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) आणि वॅट (उपकरणं प्रत्यक्ष वापरू शकतील ती वीज) हे वेगळे आकडे आहेत. वेबसाइटवर नावातच १०००व्हीए असं ठळक असतं, पण तक्त्यात वॅट पाहिले तर ६०० असू शकतात, आणि तुमच्या उपकरणांच्या वॅटची बेरीज त्या ६००च्या आत बसायला हवी. दुसरी म्हणजे बॅटरी किती वेळ टिकेल. ‘३० मिनिटांपर्यंत’ असं लिहिलेलं असेल तर ते बहुधा अगदी कमी भारासाठी असतं. चांगल्या कंपन्या किती वॅटला किती मिनिटं याचा तक्ता किंवा आलेख देतात. तो जरूर पाहा, कारण इथे साधी त्रैराशिकं चालत नाहीत. भार निम्मा केला तर वेळ दुपटीहून जास्त मिळतो, आणि पूर्ण भारावर तो कल्पनेपेक्षा फार कमी असतो.

आता प्रत्यक्ष शोधाविषयी.

सुरुवात पूर्ण मॉडेल क्रमांकापासून करा. नावापासून नको. एकाच नावाखाली पाच-सहा यंत्रं असतात आणि शेवटच्या एक-दोन अक्षरांनी सगळं बदलतं: एखाद्या अक्षराचा अर्थ दोन्ही बाजूंची छपाई, एखाद्याचा नेटवर्क, एखाद्याचा वायफाय. जुन्या यंत्राचा क्रमांक खोक्यावरून घेऊ नका. यंत्राच्या पाठीवर किंवा झाकणाच्या आत चिकटवलेल्या पट्टीवरून घ्या. ज्या पट्टीवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात तीच. मोबाइलने तिचा फोटो काढून ठेवलात तर पुढची निम्मी खटपट वाचेल.

मग कंपनीच्या वेबसाइटवर ‘उत्पादने’ या विभागाऐवजी थेट ‘सपोर्ट’मध्ये जा आणि ते यंत्र तुमच्याकडे आधीच आहे असं समजून क्रमांक टाका. खूप ठिकाणी पुस्तिका डाउनलोड करायला यंत्र विकत घेतलेलं असावं लागत नाही. ही गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही. विकत घेण्याआधी सपोर्टमध्ये जायचं असतं, हे डोक्यातच नसतं. तिथे ‘क्विक स्टार्ट’ नावाची घडीची चित्रपत्रिका सोडून द्या. ‘युजर गाइड’, ‘डेटाशीट’, ‘इन्स्टॉलेशन गाइड’ आणि सुट्या भागांची यादी घ्या. सुट्या भागांच्या यादीत फ्यूजर आणि रोलर वेगळे विकत मिळतात का आणि किती पानांनंतर बदलायचे असतात, हे दिसलं तर तुमच्या गेल्या दुखण्याचं उत्तर तिथेच मिळेल. ड्रम (ज्याच्यावरून टोनर कागदावर उतरतो तो दंडगोल) टोनरसोबतच बदलतो की वेगळा घ्यावा लागतो, हेही पाहून घ्या. दोन्ही पद्धती चालतात, पण वर्षाचा खर्च काढताना विसरलं तर हिशोब कोलमडतो.

वेबसाइटचा स्वतःचा शोध निकामी असेल, आणि तो पुष्कळदा असतोच, तर गूगलकडून त्या वेबसाइटच्या आतलं शोधून घ्या. मॉडेल क्रमांक दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायचा. पुढे इंग्रजीत ‘साइट’, लगेच कोलन, आणि मध्ये जागा न सोडता कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता. आणखी पुढे ‘फाइलटाइप’, कोलन आणि ‘पीडीएफ’, तेही सलग. एवढ्याने कौतुकाची पानं गळून पडतात आणि कागदपत्रं वर येतात. तुमच्या देशाच्या वेबसाइटवर पुस्तिका नसेल तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या देशाच्या वेबसाइटवर असू शकते. मात्र तिथल्या यंत्राचं व्होल्टेज किंवा क्रमांकाचं शेपूट वेगळं असू शकतं, ते पडताळून मगच आकडा उतरवा.

दोनशे पानांची पुस्तिका उघडली म्हणून धसका घेऊ नका, ती कुणीच सलग वाचत नाही. कंट्रोल आणि एफ दाबून हवा तो शब्द शोधा: ‘रेकमेंडेड’, ‘मॅक्सिमम’, ‘वॉर्निंग’, ‘वॅट’. एकही शब्द सापडत नसेल तर ती बहुधा स्कॅन केलेली चित्रं आहेत. तेव्हा अनुक्रमणिका पाहून शेवटच्या प्रकरणाकडे जा, तांत्रिक तपशील बहुधा तिथेच असतो. आकड्याच्या डोक्यावर तारा किंवा छोटा १, २ असेल तर तळटीप वाचल्याशिवाय तो आकडा वहीत घेऊ नका. ‘पर्यंत’ हा शब्द दिसला की कोणत्या परिस्थितीत, असं विचारायचं. आणि कागदपत्राची तारीख किंवा आवृत्ती पाहायला तर तुम्हाला मी शिकवायला नको. ती शेवटच्या पानावर किंवा तळाच्या पट्टीत असते.

टोनरबद्दलही एक सांगते. ‘एका टोनरमध्ये ३,००० पानं’ असं लिहिलेलं असेल तर शेजारी आयएसओ/आयईसी १९७५२ हा क्रमांक शोधा. काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरचा टोनर किती पुरतो हे मोजण्याचं ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातल्या नमुना पानाचा साधारण ५ टक्के भागच शाईने भरलेला असतो. तुमच्याकडे ग्रंथसूचीची गच्च भरलेली पानं निघत असतील तर टोनर त्या मानाने लवकर संपणार. पण दोन्ही कंपन्यांनी तेच मानक वापरलं असेल तर तुलना तरी रास्त होते. खोक्यासोबत येणारा पहिला टोनर पुष्कळदा कमी भरलेला असतो, आणि तेही कुठेतरी तळटीपेतच लिहिलेलं असतं.

कंपनीच्या बाहेरही काही दारं आहेत. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या वायफायच्या उपकरणांवर एफसीसी आयडी छापलेला असतो. तो फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या वेबसाइटवर टाकला की परवानगीसाठी दिलेले चाचणीचे अहवाल, अनेकदा पुस्तिका आणि आतल्या भागांचे फोटोही दिसतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये सुरू केलेल्या एनर्जी स्टार योजनेत प्रमाणित यंत्रांची यादी सर्वांना खुली आहे. लेझर प्रिंटरसाठी तिथे आठवड्याला साधारण किती वीज लागेल, याचा आकडा एकाच पद्धतीने मोजून दिलेला असतो. युरोपीय संघात फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही यांच्या ऊर्जा लेबलवर २०२१ पासून क्यूआर कोड आला. तो ईप्रेल नावाच्या सार्वजनिक नोंदवहीत नेतो. टोनर, गोंद, कीटकनाशकं अशा रासायनिक वस्तूंचं सुरक्षा माहितीपत्रक असतं, त्याचे ठरलेले १६ विभाग असतात आणि कंपन्या ते वेबसाइटवर ठेवतात. वाचनालयात लहान मुलं येतात, तेव्हा टोनर सांडला तर काय करायचं, हे त्यात पाहून ठेवायला हरकत नाही. आणि कंपनीने जुन्या यंत्राचं पान काढून टाकलं असेल तर इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन आहे. २००१ पासून ते सर्वांना खुलं आहे. जुना पत्ता तिथे टाकून पाहा. पानासोबत पीडीएफही साठवलेली असण्याची शक्यता बरीच असते.

तुमच्यासारखीच पत्रं इतरही वाचकांकडून येतात. यंत्र वेगळं, दुखणं तेच. एका वाचकाने पंपाच्या पानावर कमाल उंची आणि कमाल प्रवाह असे दोन आकडे वाचले आणि तेवढ्या उंचीवर तेवढं पाणी चढेल असं धरलं. ते कधीच होत नाही. पंप कमाल उंची गाठतो तेव्हा प्रवाह शून्यावर आलेला असतो. खरी माहिती पीडीएफमधल्या वक्ररेषेत असते. आपली उंची आडव्या रेषेने त्या वक्रावर नेली की पाणी किती मिळेल ते खाली वाचता येतं. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेचंही तसंच. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ३७ वॅट-तास. ५ व्होल्टने बाहेर देताना हिशोबाने ७,४०० उरतात आणि रूपांतरातली गळती जाता त्याहूनही कमी. ‘रेटेड कपॅसिटी’ या नावाने तो खरा आकडा बारीक अक्षरांत दिलेला असतो. पाण्यापासून संरक्षणाच्या आयपी६८ या खुणेत खोली आणि वेळ कंपनी स्वतः ठरवते, म्हणून ती तळटीपेतच पाहावी लागते. आयपी६७ला मात्र १ मीटर आणि ३० मिनिटं हे ठरलेलं आहे.

आता सहकाऱ्याचा सल्ला. विक्रेत्यावर सोपवणं मला चूक वाटत नाही, पण काय सोपवायचं ते ठरवायला हवं. दुरुस्तीचा माणूस किती दिवसांत येतो, कोणते भाग हाताशी असतात, कोणतं मॉडेल परत परत दुरुस्तीला येतं, हे विक्रेत्याइतकं कुणाला ठाऊक नसतं आणि वेबसाइटवर ते कधीच मिळणार नाही. हे त्यांना जरूर विचारा. आकडे मात्र त्यांच्या तोंडून घेऊ नका. तो बिचारा बहुधा तेच विक्रीचं पान वाचून सांगत असतो. ग्राहकांच्या प्रतिक्रियांबद्दलही मी हेच म्हणेन: काय बिघडतं ते त्यातून कळतं, किती झेपतं ते नाही.

कागदपत्रांत उत्तर नसेल तर कंपनीला लिहा, पण प्रश्न असा करा की त्याला कौतुकाने उत्तर देता येऊ नये. ‘हा प्रिंटर ग्रंथालयासाठी योग्य आहे का?’ असं विचारलंत तर ‘हो, नक्कीच’ एवढंच येईल. त्याऐवजी लिहा: ‘मॉडेल क्रमांक अमुक. महिन्याला ६,००० पानं, वर्षभर. शिफारस केलेलं मासिक काम किती? हे कोणत्या कागदपत्राच्या कोणत्या पानावर आहे?’ शेवटचं वाक्य मुद्दाम घाला. समोरच्या माणसाला मग ते कागदपत्र स्वतः उघडावं लागतं. उत्तर फोनवर आलं तर ते ई-मेलने पाठवायची विनंती करा.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट न बोलता आली आहे: सगळं कळल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही. एकदा हात पोळल्यावर असं वाटणं साहजिक आहे. पण सगळं कधीच कळत नाही, आणि तीनच्या सहा संध्याकाळ होतील. पाच प्रश्न लिहून काढा: महिन्याची शिफारस, टोनर आणि ड्रमची पानं, फ्यूजर बदलता येतो का, दोन्ही बाजूंची छपाई आपोआप होते का, वॉरंटी काळावर आहे की पानांवर. ज्या मॉडेलची या पाचांची उत्तरं दोन संध्याकाळींत मिळाली नाहीत ते बाजूला ठेवा. हे जरा कठोर आहे, एखादं चांगलं यंत्र त्यात सुटेलही. पण विकायच्या आधी जी कंपनी साधी पुस्तिका दाखवत नाही, तिच्याकडून बिघाड झाल्यावर मदत मिळेल असा भरवसा मला तरी वाटत नाही.

आणि यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा कुठल्याच वेबसाइटवर नाही. तुमचं काम खरोखर ६,००० पानांचं आहे का? हा अंदाज कागदाच्या रिमांवरून केला असेल तर त्यात फोटोकॉपीचा कागदही मिसळलेला असू शकतो. जुना प्रिंटर अजून चालू होत असेल तर त्याच्या मेन्यूत ‘युसेज’ किंवा ‘कॉन्फिगरेशन’ नावाचं पान छापायची सोय असते. त्यावर आजवर छापलेल्या पानांची एकूण संख्या येते. फ्यूजर गेल्याने छपाई पुसट किंवा भुरभुरीत आली तरी चालेल, आकडा वाचता आला म्हणजे झालं. पडदा असेल तर तो न छापताही दिसेल. त्याला १४ने भागा. परीक्षांच्या दिवसांत किंवा वर्षअखेरीला काम दुप्पट होत असेल तर तेही वेगळं लिहून ठेवा, कारण शिफारशीची वरची मर्यादा त्या महिन्यांनाही पुरायला हवी. काम ६,०००च्या आसपासच निघालं तर लहान कार्यालयांसाठीच्या यंत्रांकडे पाहूच नका. ज्यांची शिफारस ८,०००-१०,००० पानांपर्यंत जाते त्या वरच्या श्रेणीत शोधा, किंवा दोन मध्यम प्रिंटर घेऊन काम वाटून द्या. माझा कल दोन प्रिंटरकडे आहे, एक बंद पडला तरी खिडकीवरचं काम अडत नाही. पण जागा आणि टोनरचा खर्च तुम्हीच जाणता.

ज्या दिवशी खरेदी होईल त्याच दिवशी त्या यंत्राच्या सगळ्या पीडीएफ उतरवून, फाइलच्या नावात मॉडेल क्रमांक आणि तारीख घालून ग्रंथालयाच्या संगणकावर ठेवा. विक्रीच्या पानाचीही पीडीएफ करून ठेवा, वेबसाइटवरचा मजकूर कधी बदलेल ते सांगता येत नाही.

कार्यकारिणीपुढे नव्या प्रिंटरचे पर्याय ठेवताना त्याच टिपणात पहिल्या परिच्छेदात जुन्या प्रिंटरचं कारण लिहा: कंपनीच्या माहितीपत्रकानुसार शिफारस २,५०० पानांपर्यंत, प्रत्यक्ष वापर इतका, कागदपत्राचं पान ३. ते पान छापून सोबत जोडा. ‘निवड चुकली’ या नोंदीखाली हे कारणही इतिवृत्तात यावं, अशी विनंती करा. माहितीपत्रकाचा दुवा मी तुम्हाला वेगळ्या ई-मेलने पाठवत आहे.